बेंजोच्या गावात सर्फ गिटार

नौपाडा, ठाणे

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या सर्फ म्युझिकवरच्या रेडिओ कार्यक्रमाच्या, म्हणजे लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्या पोरांच्या त्या गिटारसंगीतावरच्या कार्यक्रमाच्या, पहिल्या भागाची संहिता वाचली. गाण्यांची निवड चांगली आहे आणि तुझा अभ्यासही दिसतो. पण सुरुवातीची सगळी मिनिटं कॅलिफोर्नियाच्या इतिहासात जातात, तोवर एकही गिटार वाजत नाही. तो भाग काढून टाक. तुमच्या कॉलेजच्या रेडिओ केंद्राचा श्रोता कोण आहे ते आठव. नेरूळ स्टेशनबाहेर भाड्याची वाट बघणारा रिक्षावाला, सारसोळेत स्वयंपाक करता करता रेडिओ लावणारी बाई, हॉस्टेलमधली तुझ्याच वयाची मुलं. सर्फ म्युझिक कुठे जन्मलं हे त्यांना नंतर सांगता येईल. आधी त्यांच्या कानाला काहीतरी ओळखीचं सापडू दे.

आणि ओळखीचं आपल्याकडे भरपूर आहे. ठाण्यात आणि नवी मुंबईतल्या गावठाणांत गणपतीची मिरवणूक किंवा हळदीचा कार्यक्रम बेंजोशिवाय होत नाही. टेम्पोवर स्पीकर, मागे ढोल-ताशा किंवा ऑक्टोपॅड, आणि पुढे एक माणूस डाव्या हाताने बटणं दाबत उजव्या हाताने तारा इतक्या वेगाने छेडतो की सूर सलग वाहत जातो. गायक नसतो. गाण्याचे शब्द सगळ्यांना पाठ असतात, पण ते कुणी म्हणत नाही. चाल तारेवर वाजते आणि लोक नाचतात. आता सर्फ म्युझिकचं वर्णन करून बघ: विजेवर चालणारी तार, एकाच सुरावर वरखाली वेगाने चालणारी नखी, मोठा ॲम्प, मागे जोरदार ड्रम, गायक नाही, आणि समोर नाचणारी तरुण पोरं. या संगीताचा श्रोता घडवण्याचं निम्मं काम आपल्या बेंजोवाल्यांनी केव्हाच करून ठेवलं आहे. म्हणून माझं ऐक, पहिला भाग बेंजोने सुरू कर. एक मिनिट बेंजो, मध्ये तुझी दोन वाक्यं, आणि लगेच डिक डेल या अमेरिकन गिटारवादकाचं ‘मिसरलू’.

‘मिसरलू’च का, तेही सांगतो. ही मुळात पूर्व भूमध्य समुद्राकाठची जुनी लोकप्रिय चाल, १९२० च्या दशकापासून तबकड्यांवर आलेली. डिक डेलच्या वडिलांकडचं घराणं लेबनॉनचं, काका ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवणारे. ही चाल त्याच्या कानावर लहानपणापासून होती. १९६२ साली त्याने ती गिटारवर प्रचंड वेगात वाजवली आणि ती साऱ्या जगाची झाली. तिचे स्वर नीट तपास. कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, कोमल ध, शुद्ध नी. आपल्या भैरव थाटाचे स्वर! राग भैरव म्हणू नकोस, कारण चलन अगदी वेगळं आहे आणि गांधर्वच्या परीक्षा दिलेले श्रोते तुला लगेच टोकतील. पण ‘हे स्वर तुम्ही सकाळी ऐकलेले आहेत, आता त्यांचा वेग ऐका’ एवढं जरी म्हणालीस, तरी घंटाळीतल्या मैफलींना जाणारा माणूसही खुर्चीत सावरून बसेल. पेटीवर हे स्वर एकदा वाजवून दाखव. दहा सेकंद पुरेत.

तुझ्या कामाचा गाभा इथेच आहे. या संगीताला शब्द नाहीत. गाण्याचा अर्थ कळला, ओळ आवडली, म्हणून माणूस थांबतो; इथे तो आधार नाही. तेव्हा दोन तुकड्यांच्या मधलं तुझं बोलणं हा या कार्यक्रमाचा अर्धा भाग आहे, आणि त्या बोलण्याला एकच काम आहे: पुढच्या दोन मिनिटांत कान कुठे ठेवायचा ते दाखवणं. प्रत्येक तुकड्यासाठी एकच खूण दे. दोन दिल्यास तर श्रोता दोन्ही विसरतो.

उदाहरणार्थ शँटेजचं ‘पाइपलाइन’ घे. ही सांता ॲनाच्या शाळेतली मुलं. त्यांचा हा तुकडा १९६३ मध्ये अमेरिकाभर गाजला. त्यात मुख्य गिटार ध्वनिमुद्रणात जरा मागे आहे आणि बेस, साथीची गिटार व इलेक्ट्रिक पियानो पुढे. श्रोत्याला एवढंच सांग: ‘सुरुवातीला एक सूर तारेवरून घरंगळत खाली येईल. तो आला की खालचा जाड आवाज धरून ठेवा, शेवटपर्यंत सोडू नका.’ बस. कलाकारांची नावं, कंपनी, क्रमांक हे सगळं वाजून झाल्यावर. सर्फारीजचं ‘वाइप आउट’ असेल तर आधी काहीच बोलू नकोस. फळी मोडल्याचा आवाज आणि ते वेडं हसू यांनी तुकडा सुरू होतो, तेच निवेदन आहे. नंतर सांग की ती एक साधी फळी होती, सर्फिंगची नव्हे, आणि ढोलवाल्यांच्या गावात हा ड्रम इतका घरचा का वाटतो यावर श्रोत्यांकडून व्हॉइस मेसेज मागव. एखाद्या पथकातला ताशेवाला त्याचं उत्तर तुझ्यामाझ्यापेक्षा चांगलं देईल.

तुझ्या संहितेत एक वाक्य आहे की स्प्रिंग रिव्हर्बशिवाय, म्हणजे स्प्रिंगांतून काढलेल्या घुमाऱ्याशिवाय, सर्फ म्युझिक होत नाही. ते दुरुस्त कर. डिक डेलचं १९६१ मधलं ‘लेट्स गो ट्रिपिन’ बहुतेक लोक सर्फ वाद्यसंगीताचा आरंभ मानतात, आणि त्यात तो ओला, थेंब पडल्यासारखा रिव्हर्ब नाही. सर्फच्या तबकड्यांवर तो नंतर आला. फेंडर कंपनीने १९६१ मध्येच रिव्हर्बची वेगळी पेटी काढली होती. तिच्यात खऱ्याखुऱ्या स्प्रिंगा असतात. गिटारचा संकेत त्या स्प्रिंगांना थरथरवतो, थरथर पुन्हा विजेत बदलते आणि मूळ आवाजात मिसळते. तारा हाताने दाबून तुटक सूर वाजवले की त्या स्प्रिंगांतून ‘टप्‌ टप्‌’ असा ठिबकता आवाज निघतो. वादक त्याला ‘ड्रिप’ म्हणतात. असे दोन तुकडे लागोपाठ वाजव: आधी कोरडा ‘लेट्स गो ट्रिपिन’, मग रिव्हर्बचा एखादा ओला. श्रोत्याला फरक स्वतःच्या कानाने कळेल आणि तो आयुष्यभर लक्षात राहील. असा क्षण एका भागात एक मिळाला तरी पुष्कळ झाला. जमलं तर स्टुडिओत एखादी लांब, सैल स्प्रिंग घेऊन ये आणि माइकजवळ नखाने छेड. रेडिओवर अशा गोष्टी फार सुंदर ऐकू येतात.

तुझी एक शंका मला मनापासून आवडली: आपल्याकडे खाडी आहे, चिखल आहे, फ्लेमिंगो आहेत, पण लाटांवर स्वार होणारं कुणी नाही, मग हे संगीत आपलं कसं म्हणायचं? अगं, ॲस्ट्रोनॉट्स हा त्या काळातला नावाजलेला सर्फ बँड कोलोरॅडोमधल्या बोल्डरचा, जिथून समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो मैल दूर. ट्रॅशमेन मिनेसोटाचे. पुढे लायका अँड द कॉस्मोनॉट्स फिनलंडमधून आले. १९६३ मध्ये सिडनीच्या ॲटलांटिक्सनी ‘बॉम्बोरा’ दिलं. जपानमध्ये १९६५ च्या सुमारास व्हेंचर्स या अमेरिकन बँडच्या दौऱ्यांनी इलेक्ट्रिक गिटारची अशी लाट आली की ताकेशी तेराउची याने आपली जपानी लोकगीतंच त्या गिटारवर वाजवायला घेतली. तेराउचीवर तू एक अख्खा भाग कर. आपल्याला त्यातून फार मोठी वाट मिळते.

ती वाट अशी. सामुदायिक रेडिओच्या सरकारी धोरणात म्हटलं आहे की निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हायला हवा. पुष्कळ केंद्रांवर ही अट ओझं म्हणून पाळली जाते. तू ती मनावर घे. दिवाळे, करावे, घणसोली या गावांत बेंजो वाजवणारी माणसं आहेत, त्यांतल्या एकाला स्टुडिओत बोलाव. त्याला ‘मिसरलू’ ऐकव आणि रेकॉर्डिंग सुरू ठेवून विचार, ही नखी कशी चालते आहे? तो वाजवून दाखवेल. मग एखादं कोळीगीत, त्यातही पारंपरिक चालीचं, त्याने बेंजोवर आणि तुझ्या कॉलेजातल्या गिटारवाल्या मुलाने स्प्रिंग रिव्हर्ब लावून वाजवावं. हे जगात दुसऱ्या कुठल्याही सर्फ कार्यक्रमात ऐकायला मिळणार नाही. बाहेरच्या रसिकांनाही तुझ्याकडून हेच हवं असेल. साठच्या दशकातल्या तबकड्या त्यांच्याकडे आहेतच. आणि त्या वादकाला मानधन द्या, थोडं का होईना. चहावर बोळवण करू नका.

हिंदी सिनेमातून यायचं असेल तर १९६५ च्या ‘गुमनाम’मधलं ‘जान पहचान हो’ आहे. शंकर-जयकिशन यांचं संगीत, रफीसाहेबांचा आवाज, आणि ती गिटार. ते दुसऱ्या भागासाठी राख. पहिल्याच भागात लावलंस तर फर्माइशी त्याच्याच येत राहतील.

आता पॉडकास्ट. तुमच्या केंद्राची शक्ती १०० वॉट, म्हणजे आवाज नेरूळ, सीवूड्स, जुईनगर, फार तर बेलापूर-सानपाड्यापर्यंत. मला इथे नौपाड्यात ऐकू येणार नाही. म्हणून पॉडकास्ट हवाच. पण रेडिओवर वाजलेला भाग जसाच्या तसा इंटरनेटवर टाकू नकोस. रेडिओवर ध्वनिमुद्रित संगीत वाजवण्यासाठी केंद्राकडे कोणते परवाने आहेत ते केंद्रप्रमुखांना विचारून लिहून घे. ते परवाने पॉडकास्टला आपोआप लागू होत नाहीत. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-डी मधली वैधानिक परवान्याची सोय, म्हणजे हक्कदाराची वेगळी परवानगी न घेता ठरलेली रक्कम भरून वाजवण्याची मुभा, इंटरनेटवरच्या सेवांसाठी नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आणि २०२२ मध्ये खंडपीठाने ते कायम ठेवलं.

कुणी तुला सांगेल की जुनं आहे, चालतं. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षांचा, हे खरं. पण चाल बांधणाऱ्याचा हक्क वेगळा, तो त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं चालतो. शिवाय पॉडकास्ट अमेरिकेतही ऐकला जातो, आणि तिथे १९५७ नंतरची ती जुनी ध्वनिमुद्रणं २०६७ पर्यंत संरक्षित आहेत. ‘तीस सेकंद वाजवलं तर चालतं’ असाही नियम कुठे नाही, तो निव्वळ समज आहे.

यातून मार्ग आहे, आणि तो आनंदाचा आहे. सर्फ म्युझिक आजही जिवंत आहे. इटलीतल्या लिव्होर्नोला ‘सर्फर जो’ नावाचा महोत्सव भरतो, युरोप, जपान, दक्षिण अमेरिकेत छोटे छोटे बँड आहेत, आणि त्यांतले कितीतरी आपलं संगीत बँडकॅम्प या संकेतस्थळावर स्वतः विकतात. मोठी कंपनी मध्ये नसते. त्यांना सरळ ईमेल कर: मी नवी मुंबईत मराठीतून कार्यक्रम करते, तुमचा अमुक तुकडा पूर्ण वाजवायचा आहे, पॉडकास्ट विनामूल्य आहे, परवानगी लेखी द्याल का? चाल त्यांची स्वतःची आहे ना, हेही विचार. दुसऱ्याची चाल असेल तर त्यांची एकट्यांची परवानगी पुरत नाही. आलेलं प्रत्येक उत्तर जपून ठेव, फाइलच्या नावात बँड आणि तारीख घाल. आणि भाग निघाला की त्यांना दुवा पाठव. आपलं संगीत मराठीत समजावून सांगितलं जातंय हे ऐकून त्यांना किती बरं वाटेल, विचार कर. म्हणजे रेडिओवर जुने आणि नवे दोन्ही, पॉडकास्टवर परवानगीचे नवे, आणि जुन्यांबद्दल फक्त बोलणं व पेटीवरचे स्वर. परवानगी न आलेला तुकडा काढला की त्या जागी तुझं निवेदन उघडं पडतं, म्हणून ते दोन वेळा वेगळं रेकॉर्ड कर, एकदा रेडिओसाठी, एकदा पॉडकास्टसाठी.

आवाजाबद्दल थोडं. रिव्हर्बचे वरचे सूर कमी बिटरेटच्या एमपी३ मध्ये वाळू घासल्यासारखे होतात. १२८ केबीपीएसच्या खाली जाऊ नकोस. भागाची पातळी उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास ठेव, आणि बोलणं व गिटार एकमेकांच्या जवळपास ठेव, म्हणजे तुझं बोलणं ऐकायला आवाज वाढवणाऱ्याच्या कानावर गिटार आदळणार नाही. स्वतःच्या आवाजावर मात्र रिव्हर्ब अजिबात लावू नकोस. मोह होईल, तरीही. तुझा आवाज कोरडा असेल तरच गिटारचा ओलेपणा उठून दिसतो. तयार मिक्स एकदा साध्या फोनच्या स्पीकरवर ऐक. बेस गायब झाला असेल तर ‘खालचा जाड आवाज धरा’ हे तुझं सांगणं वाया जाईल. त्या भागापुरती दुसरी खूण शोध.

अर्ध्या तासात सहा तुकडे पुरेत, प्रत्येक साधारण सव्वादोन-अडीच मिनिटांचा असतो. दर आठवड्याला तीच वेळ, तोच वार. परीक्षेच्या काळात भाग होणार नसेल तर जुना पुन्हा लाव, पण वेळ रिकामी सोडू नकोस.

दिवाळे गावातल्या बेंजोवाल्या काकांशी आधी बोलून घे, गणपती जवळ आले की ते कुणालाच सापडत नाहीत. नवी संहिता रविवारपर्यंत पाठव. संहितेपेक्षा फोनवर केलेलं कच्चं रेकॉर्डिंग असेल तर जास्त बरं.

तुझा,
काका