वाचकांचे प्रश्न : कानाने वाचताना

मुलगी सहावीत आहे, डिस्लेक्सियाचं, म्हणजे अक्षरं वाचताना अडखळण्याचं, निदान झालंय. गोष्टी ऐकायला बसली की उठत नाही. पण पुस्तकं अशी ऐकूनच संपवली तर वाचायची सवय मोडेल, असं सासूबाईंचं म्हणणं. – एक आई, चिपळूण

मोडणार नाही. तिची गाडी अडते ती अक्षरावरून उच्चाराकडे जाताना. गोष्ट कळण्यात नव्हे. 'कि' पाहा : वेलांटी आधी लिहिलेली, उच्चार नंतर. 'सूर्य'मधला र कानाला य-च्या आधी येतो, कागदावर मात्र य-च्या डोक्यावर जाऊन बसतो. भ-म, घ-ध यांची गल्लत आहेच. हे सगळं सोडवेपर्यंत वाक्याची सुरुवात विसरून जाते. ऐकलं की ही कसरत टळते आणि सहावीचे शब्द सहावीतच कानावर पडतात. अक्षरांचा सराव मात्र रोज वेगळा चालू ठेवा, ते काम कान करत नाही.

सुरुवात १० मिनिटांनी करा. पहिल्यांदा नुसतं ऐकू दे. मटार सोलत, रंगवत ऐकलं तरी चालेल; मोबाइलवरचा खेळ नको. दुसऱ्यांदा तोच भाग पुस्तक उघडून, ओळीखाली पट्टी धरून. तेव्हा वेग ०.८ ते ०.९ ठेवा (नेहमीचा वेग म्हणजे १). फार खाली आणला की आवाज ताणल्यासारखा येतो, वाक्य तुटतं. पट्टी मागे राहिली तर थांबवून थोडं मागे जा. ऑडिओबुक संक्षिप्त आणि छापील पुस्तक पूर्ण, अशी जोडी घेऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या पानावरच ओळ हरवते आणि पोरीला वाटतं आपलंच चुकलं. आणि ऐकून झाल्यावर 'आता वाचून दाखव' हे नकोच.

मोबाइलला मराठी पीडीएफ वाचायला लावली तर तो भलतंच बरळतो. – एक शिक्षक, परभणी

तीन कारणं असू शकतात. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा. मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं-चिन्हांची खिचडी आली, तर मजकूर जुन्या फॉन्टमध्ये आहे, युनिकोडमध्ये (सगळ्या मोबाइल-संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत) नाही. डोळ्याला 'आई' दिसतं, मोबाइलला भलतीच चिन्हं. ओळ निवडताच आली नाही, तर पानं म्हणजे नुसते फोटो. दोन्हींवर उपाय एकच : पानांचे स्वच्छ फोटो गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा, मजकूर तयार होतो. जोडाक्षरं आणि अनुस्वार एकदा नजरेखालून घाला. पानाच्या माथ्यावरचं पुस्तकाचं नाव, पान क्रमांक काढून टाका, नाहीतर ऐन संवादात 'सत्तेचाळीस' ऐकू येतं.

ओळ नीट आली तर दोष आवाजाच्या भाषेत. सेटिंगमध्ये 'मराठी' आहे ना, पाहा. हिंदी आवाज 'चूल'मधला च 'चहा'सारखा उच्चारतो. मराठी आवाजही 'जरा'सारख्या शब्दात कधी ठेचकाळतो, पण तेवढं मुलं सांभाळून घेतात.

मोठ्या माणसांना अशी ऐकायची पुस्तकं कुठे मिळतात? – एक वाचक, ठाणे

२०१६ साली सुरू झालेलं 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. ते फक्त अंधांसाठी, हा समज चुकीचा. छापील मजकूर वाचता न येणाऱ्या सगळ्यांसाठी आहे, त्यात डिस्लेक्सियाही येतो. निदानाचा कागद हाताशी ठेवा. तो नसेल तर स्टोरीटेल या ऑडिओबुकच्या ॲपवर वर्गणी भरून मराठी पुस्तकं ऐकता येतात. निवेदकाचा आवाज मात्र आधी नमुना ऐकून पारखा. नाटकी आवाज तासाभरात थकवतो.