थेट विमान की मधे थांबा? तिघांच्या तिकिटांचा हिशेब

तुमच्या पत्रातला पेच थोडक्यात असा. तुम्ही दोघं आणि तुमच्या सासूबाई (वय 67, गुडघ्यांचं दुखणं) लांबच्या विमानप्रवासाला निघाला आहात, इकॉनॉमीनं. जाऊन-येऊन थेट विमानाचं तिकीट माणशी 100 धरलं, तर मधे एक थांबा असलेलं तिकीट 72 ला मिळतंय. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची स्वतंत्र तिकिटं जोडली तर काम 60 मध्ये होतंय. थेट प्रवास 14 तासांचा, थांब्याचा 21 तासांचा. थेट विमान घ्यायचं तर जादा पैसे अडीअडचणीसाठी ठेवलेल्या रकमेतून काढावे लागतील, आणि घरखर्चाच्या चार महिन्यांची ती शिल्लक तीन महिन्यांवर येईल. तुमचा प्रश्न आहे, ‘आराम घ्यावा की पैसे वाचवावेत?’

माझं उत्तर आधीच सांगते: 72 वालं तिकीट घ्या, 60 वाल्याच्या वाटेला जाऊ नका, आणि अडीअडचणीच्या पैशांना हात लावू नका.

आधी थेट विमान. तिघांचे मिळून 84 वाचतात. त्यासाठी जाताना 7 आणि येताना 7 तास जास्त, म्हणजे तिघांचे मिळून 42 तास. तासाला 2 पडले, म्हणजे एका थेट तिकिटाचे दोन टक्के. तुमच्या हातात येणारा पगार कामाच्या तासांनी भागा आणि हा आकडा त्याच्या शेजारी ठेवून बघा. तुमच्या दोघांच्याही भरपगारी रजा शिल्लक आहेत, त्यामुळे या तासांपायी खिशातून काही जात नाही. बिनपगारी रजा टाकावी लागली असती तर मी कदाचित उलटं सांगितलं असतं. पण तीन महिन्यांची शिल्लक घेऊन घरापासून इतकं लांब जाणं मला पटत नाही. परत आल्यावर ती भरून काढायला किती महिने लागतील, ते तुम्हीच पत्रात लिहिलंय.

आता खरा धोका, तो 60 च्या तिकिटात आहे. लोक थेट की थांबा यावर वाद घालत बसतात. मला विचाराल तर त्याहून मोठा फरक एका तिकिटात आणि दोन तिकिटांत आहे. संपूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर असेल, तर पहिलं विमान उशिरा पोचून पुढचं चुकल्यावर तुम्हाला पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी विमान कंपनीची असते. बॅगाही सहसा थेट शेवटच्या मुक्कामी जातात. दोन स्वतंत्र तिकिटं असली की दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही वेळेवर न आलेले प्रवासी. तिकीट बुडालं. पुष्कळदा परतीचा टप्पाही त्याबरोबर रद्द होतो. कायदाही एक बुकिंग म्हणजे एक प्रवास असंच बघतो: युरोपीय महासंघाच्या न्यायालयानं 2018 मध्ये निकाल दिला, की एकाच बुकिंगमधला जोडप्रवास भरपाईसाठी सलग धरायचा, मधे विमान बदललं तरी.

हे मी एकदा भोगलंय. दोन तिकिटं जोडून निघाले होते, मधे अडीच तास होते, मला वाटलं पुरे. पहिलं विमान पन्नास मिनिटं उशिरा उतरलं. इमिग्रेशनची रांग, मग बॅगेचा पट्टा. पट्टा फिरत होता, थांबत होता, परत फिरत होता, आणि माझी निळी बॅग अगदी शेवटच्या दहांत आली. ती ओढत दुसऱ्या टर्मिनलच्या काउंटरवर पोचले तेव्हा विमान सुटायला 52 मिनिटं होती. काउंटर 60 मिनिटं आधी बंद होतं. काचेतून विमान समोर दिसत होतं. त्या रात्री ऐनवेळचं एकेरी तिकीट काढलं, ते वाचवलेल्या रकमेच्या चौपट पडलं. मी एकटी होते आणि धडधाकट होते. तुमच्याबरोबर सासूबाई आहेत.

तुमच्या आकड्यांवर हेच मांडते. दोन तिकिटांत तिघांचे आणखी 36 वाचतात. त्यातले बॅगांच्या वेगळ्या शुल्कात, तुम्ही पाठवलेल्या दरांप्रमाणे, 18 गेले. ऐनवेळी दुसऱ्या टप्प्याची तिकिटं काढावी लागली तर माणशी 45, तिघांचे 135. दहात एकदा विमान चुकतं असं धरू. हे माझं गृहीतक आहे, तुम्ही कमी-जास्त करून पाहा. एका बाजूचे सरासरी साडेतेरा, दोन्ही बाजूंचे 27. 18 आणि 27 मिळून 45, आणि वाचतात 36. शिवाय बॅग घेण्यासाठी त्या देशात प्रवेश करावा लागला तर व्हिसाही लागू शकतो. तो खर्च मी धरलेलाच नाही.

72 च्या तिकिटातही तुम्हाला दोन वेळा दिसतायत: थांबा 1 तास 10 मिनिटांचा, किंवा 3 तास 20 मिनिटांचा. दुसरा घ्या. कमी वेळाचा थांबा कंपनी विकते म्हणजे नियमात तो बसतो, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो पुरेल असं नव्हे. तुमच्या थांब्यानंतर त्याच दिवशी त्याच मार्गावर आणखी एक विमान आहे का, तेही बघून ठेवा.

वाचलेल्या 84 पैकी 10 मात्र खुशाल खर्च करा. सासूबाईंना कडेची, म्हणजे वाटेकडची जागा पैसे भरून आधीच घ्या. इकॉनॉमीत दोन रांगांमधलं अंतर बहुतेक 31-32 इंच असतं, त्यात दर तासा-दीड तासाला उठायचं तर कुणाला ओलांडावं लागू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अभ्यासात चार तासांहून जास्त बसून प्रवास केल्यावर शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट आढळला. मूळचा धोका लहान असतो, त्यामुळे घाबरू नका. पण थांबा घेतला म्हणून तो टळतो असंही नाही, कारण थोड्या काळात अनेक विमानं केली तरी तो वाढतो. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. व्हीलचेअरची मागणी निदान 48 तास आधी नोंदवा. तिचे पैसे पडत नाहीत, आणि मागायला संकोच वाटू देऊ नका. उरलेल्यातून प्रवास विमा घ्या, त्यात त्यांची जुनी दुखणी लपवू नका, आणि विमान चुकल्याची भरपाई किती तासांच्या उशिरानंतर सुरू होते ती ओळ नीट वाचा.

पैसे भरण्याआधी एक तपासणी. काही संकेतस्थळं दोन तिकिटं एकत्र बांधून एकाच प्रवासासारखी दाखवतात. ‘बॅग स्वतः घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागेल’ असं कुठेही लिहिलेलं दिसलं तर ती दोन तिकिटंच आहेत, मग भाव कितीही चांगला असो. आणि निघायच्या दिवशी काउंटरवर बॅगेला चिठ्ठी लावली, की तिच्यावरची तीन अक्षरं शेवटच्या विमानतळाचीच आहेत ना, हे पट्ट्यावर बॅग सरकण्याआधी वाचा आणि चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा.