‘लसूण’ टाइप करून पाहा: बालवर्गाच्या तक्त्यांसाठी फॉन्ट

मे महिना संपत आला की माझ्याकडे लग्नपत्रिकांपेक्षा बालवर्गांच्या तक्त्यांची कामं जास्त येतात, आणि कामांबरोबर प्रश्नही. आपल्या लिपीचं मराठीतलं जुनं नावच ‘बाळबोध’. मोडीच्या मानाने सुटी, स्पष्ट, पोरासोरांना कळणारी. संगणकातल्या फॉन्टच्या यादीत शिरलं की हा बाळबोधपणा कुठे पळतो कोण जाणे! यंदा आलेल्या प्रश्नांतले काही इथे घेतले आहेत.

ताई, मी साताऱ्यात मोठ्या गटाला शिकवते. मुळाक्षरांचा तक्ता संगणकावर केला. एका मुलीने ‘ल’ वर बोट ठेवून “हे काय आहे?” विचारलं. तिची बहीण पहिलीत आहे, तिच्या पुस्तकातला ‘ल’ वेगळा दिसतो म्हणे. माझं काय चुकलं? आणि सगळ्याला चालेल असा एकच फॉन्ट सांगाल का?

तुमचं काही चुकलं नाही, आणि त्या मुलीची नजर तर शाबासकी देण्यासारखी आहे. ‘ल’ आणि ‘श’ या दोन अक्षरांची दोन वळणं आहेत. मराठीत आपण दोन पाकळ्यांचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ काढतो. हिंदी वळणाच्या ‘ल’ ला उजवीकडे उभा दंड असतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, मात्र दोन्ही वळणांच्या ‘ल’ ला एकच क्रमांक आहे. म्हणजे तुम्ही कळ बरोबरच दाबता, कोणतं वळण दाखवायचं ते फॉन्ट ठरवतो. बरेच देवनागरी फॉन्ट हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले असतात, त्यामुळे सांगितल्याशिवाय ते मराठी वळण दाखवत नाहीत.

मोठ्यांना याने काही फरक पडत नाही, आपण दोन्ही वाचतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला मात्र अक्षर म्हणजे एक चित्र असतं. चित्र बदललं की अक्षर बदललं. राज्य शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये मराठी वर्णमाला प्रमाणित केली, नोव्हेंबर २०२२ मध्ये सुधारित निर्णय काढला, आणि त्यात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हेच वळण धरलं आहे. शाळेच्या पुस्तकात मूल पुढे तेच पाहणार. मग तक्त्यावरही तेच हवं.

आता फॉन्ट. कोणताही फॉन्ट घेण्याआधी मी पाच शब्द टाइप करून बघते: लसूण, शहाळे, खारीक, दऱ्या, ॲप. पहिल्या दोनांत वळण कळतं. ‘खारीक’ मध्ये ‘ख’ चे दोन भाग खाली जोडलेले आहेत का ते बघायचं, नाहीतर पोरं ‘खा’ चा ‘रवा’ करतात आणि तो वाचतातही बरोबर! ‘दऱ्या’ चा ‘दर्या’ होत असेल, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात, तर तो फॉन्ट बाद. आणि ‘ॲ’ च्या जागी चौकोनी डबा आला तर फॉन्ट जुना आहे असं समजा. २००९ पासून ‘ॲ’ आणि ‘ऑ’ स्वरांच्या रांगेत बसले आहेत, त्यांना गाळून चालत नाही.

कसलीही खटपट न करता मराठी वळण हवं असेल तर ‘तिरो देवनागरी मराठी’ घ्या. गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. त्याच घराण्यात हिंदीसाठी आणि संस्कृतसाठी वेगळे फॉन्ट आहेत, उतरवताना नावातलं ‘मराठी’ वाचूनच घ्या. हा पुस्तकी बाजाचा, जाड-बारीक रेषांचा फॉन्ट आहे. गोष्टीच्या पट्ट्या, गाण्यांचे कागद यांना छान दिसतो. त्यात ठळक वजन, म्हणजे जाड रेषांचा प्रकार नाही, त्यामुळे भिंतीवरच्या मोठ्या तक्त्याला जरा नाजूक पडतो. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ ही मराठीसाठीच केलेला आणि फुकट आहे.

फ्लॅशकार्डांना मला एकसारख्या जाडीची रेष लागते, कारण मुलाच्या हातात खडू असतो, बोरू नाही. त्यासाठी ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’. ‘मुक्ता’ मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या मंडळींनी केला आहे, त्यात अगदी बारीक ते अगदी ठळक अशी सात वजनं मिळतात. ‘नोटो’ मध्ये दोन्ही वळणं आत भरलेली असतात, फक्त भाषा सांगावी लागते. लिब्रेऑफिस या वर्डसारख्या फुकटच्या प्रोग्रॅममध्ये मजकूर निवडून ‘कॅरॅक्टर’ च्या खिडकीत जा आणि भारतीय लिप्यांच्या भागात भाषा ‘मराठी’ करा. डोळ्यांदेखत ‘ल’ ला पाकळ्या फुटतात. वीस वर्षं हे काम करूनही मला ते बघायला मजा येते.

एकच फॉन्ट सांगा म्हणालात. मी एक वळण सांगेन. वर्गात दोन-तीन फॉन्ट असले तरी ‘ल’, ‘श’, ‘ख’, ‘अ’ आणि ‘झ’ यांचं वळण सगळीकडे तेच ठेवा. पाळायची गोष्ट ती.

गिरवण्यासाठी ठिपक्यांची अक्षरं हवी आहेत. वर्डमध्ये अक्षराची कड ठिपक्यांची केली, पण मुलं गोंधळतात. बालवर्ग शिक्षिका, कोल्हापूर

गोंधळणारच. तुम्ही कडेला ठिपके दिलेत, म्हणजे अक्षराच्या दोन्ही बाजूंनी दोन ओळी झाल्या. मुलाने कोणती धरायची? मी एका मुलाला असा ‘ग’ गिरवताना पाहिलं आहे. तो बाहेरच्या ठिपक्यांवरून निघाला, दंडाच्या टोकाला वळला आणि आतल्या ठिपक्यांवरून परत आला. शेवटी ‘ग’ चा पोकळ फुगा झाला आणि तो खूश! त्याच्या परीने त्याने अगदी बरोबर गिरवलं होतं.

गिरवायला एकच रेष हवी, अक्षराच्या मधोमध जाणारी. त्यासाठी ठिपक्यांचा खास फॉन्ट शोधत बसू नका. ‘मुक्ता’ चं सगळ्यात बारीक वजन, म्हणजे ‘एक्स्ट्रालाइट’ घ्या, आकार तीनशे पॉइंटच्या आसपास ठेवा आणि रंग फिकट करडा करा. मुलाच्या खडूखाली ती रेष लपून जाते आणि वर त्याचं स्वतःचं अक्षर उरतं. सुरुवात जिथून करायची तिथे हाताने एक लाल टिकली काढा आणि पुढे छोटा बाण. शिरोरेघ शेवटी, हेही तोंडाने सांगा, कारण छापील अक्षरात ती आधीच दिसत असते आणि मुलं तिच्यापासूनच सुरू करतात.

करड्या छपाईत एक गोम आहे. झेरॉक्सवर फिकट करडा उडून जातो किंवा काळे ठिपके ठिपके येतो. म्हणून तीस प्रती काढण्यापेक्षा दहा कार्डं प्रिंटरवर नीट छापा, पारदर्शक प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घाला आणि व्हाइटबोर्डच्या मार्करने गिरवू द्या. पुसा, परत वापरा. कागद वाचतो, आणि चुकलं तरी पुसता येतं म्हणून मुलं हात सैल सोडतात.

क्रमही ‘क’ पासून असायला हवा असं नाही. ‘ग म भ न’ हा आपला जुना क्रम हाताच्या दृष्टीने फार शहाणा आहे. चौघांनाही उजवीकडे उभा दंड, बाकी डावीकडचा आकार तेवढा बदलतो. एका पानावर हे चार द्या, दुसऱ्यावर ‘व ब क’. आणि लहान गटाला हे काहीच देऊ नका. तीन वर्षांच्या मुलाने रेघोट्या ओढाव्यात, वाळूत बोट फिरवावं, पॉलिशपेपरच्या अक्षरावरून हात फिरवावा. पालक मागतात म्हणून गिरवणीचे कागद घरी पाठवले जातात हे मला ठाऊक आहे. तरीही नको.

वाढदिवसाच्या तक्त्याला आणि दारावरच्या फलकाला गमतीदार फॉन्ट चालतील ना?

चालतील की. ‘बालू’ गोलमटोल आणि वाचायला सोपा आहे. ‘मोदक’ तर नावाप्रमाणेच, इतका फुगीर की अक्षराच्या आतली पोकळी जेमतेम चिरेएवढी उरते. ‘वाढदिवस’ या शीर्षकाला झकास, पण मुलांची नावं त्यात नकोत. मूल पहिल्यांदा वाचतं ते बहुधा स्वतःचं नाव, तेही दप्तराच्या हुकाखाली चिकटवलेलं. ते साध्या ‘मुक्ता’ त असू द्या.

आम्ही न्यू जर्सीत रविवारची मराठी शाळा चालवतो. मुलं इंग्रजी वाचायला शिकून येतात, त्यामुळे ‘कि’ दिसलं की आधी वेलांटी वाचून ‘इक’ म्हणतात. वेलांटी लाल रंगात दाखवायला गेलो तर मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ उमटलं. काय करावं?

ते वर्तुळ म्हणजे संगणकाची तक्रार. ‘कि’ हे त्याच्या लेखी एकसंध अक्षर. तुम्ही फक्त वेलांटीला रंग दिलात की काही प्रोग्रॅम तिला ‘क’ पासून तोडतात, आणि एकटी वेलांटी दिसली की फॉन्ट म्हणतो, “इथे अक्षर हवं होतं,” आणि त्याची जागा ठिपक्यांनी दाखवतो.

संगणकावरच करायचं असेल तर इंकस्केप हा फुकटचा प्रोग्रॅम घ्या. त्यात शब्द टाइप करा, ‘पाथ’ मेनूतून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा आणि नंतर ‘अनग्रुप’. आता अक्षर म्हणजे नुसतं चित्र झालं, वेलांटी सुटी निवडून रंगवता येते. मात्र त्यानंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून मूळ फाइलची एक प्रत आधी बाजूला ठेवा. ‘किल्ला’ चा ‘कील्ला’ झालेली वीस कार्डं मी एकदा लॅमिनेट करून बसले होते.

पण तुमच्या अडचणीला याहून बरा इलाज आहे. व्यंजनांची कार्डं एकाच फॉन्टमध्ये, एकाच आकारात छापा. सगळ्यांची शिरोरेघ कार्डाच्या वरच्या कडेपासून सारख्याच अंतरावर आली पाहिजे. वेलांटी पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यावर लाल मार्करने काढा. मुलाने आधी ‘क’ ठेवायचा, ‘क’ म्हणायचं, मग वेलांटीचा तुकडा वरून सरकवत डाव्या बाजूला आणायचा आणि ‘कि’ म्हणायचं. उच्चार आधी कशाचा हे हाताला कळतं. तोच तुकडा ‘म’ वर, ‘प’ वर, ‘स’ वर बसतो. काना, मात्रा, उकार यांचेही असे तुकडे करा.

पेन ड्राइव्हमधून वर्डची फाइल छपाईच्या दुकानात नेली. घरी सुंदर दिसत होतं, तिथे सगळी इंग्रजी अक्षरं आली. दुकानदार म्हणाला तुमचीच फाइल खराब. बालवर्ग शिक्षिका, नगर

फाइल खराब नाही. तुमचा फॉन्ट बहुतेक युनिकोडच्या आधीच्या पिढीतला आहे. त्या फॉन्टांत आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फक्त त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा असतो. ‘कृतिदेव’ मध्ये तुम्ही ‘राम’ लिहिता तेव्हा फाइलमध्ये जे, के आणि ई ही तीन इंग्रजी अक्षरं बसतात. दुकानातल्या संगणकात तो फॉन्ट नसला की मुखवटा गळतो.

यापुढे युनिकोड फॉन्टच वापरा. आणि फॉन्ट कोणताही असो, दुकानात पीडीएफ न्या, वर्ड नको. पीडीएफमध्ये फॉन्ट फाइलबरोबरच प्रवास करतो. एक पान आधी छापून बघा, मगच पन्नास सांगा.

याच ताईंनी पाठवलेल्या नमुन्यात आणखी एक गोष्ट दिसली. शब्द ‘मोकळे’ दिसावेत म्हणून त्यांनी अक्षरांमधलं अंतर वाढवलं होतं. इंग्रजीला ते शोभतं, आपल्याकडे शिरोरेघ तुटते आणि ‘कमळ’ चे तीन तुकडे होतात. मोकळेपणा हवा तर दोन शब्दांमधली आणि दोन ओळींमधली जागा वाढवा. ओळींत दीडपट अंतर ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळत नाही.

सेमी इंग्रजीसाठी इंग्रजी अक्षरांची कार्डं कोणत्या फॉन्टमध्ये करू?

लहान लिपीतला ‘ए’ बघा. पुस्तकी फॉन्टमध्ये त्याच्या डोक्यावर छत्री असते, आपण हाताने काढतो तो नुसता गोल आणि बाजूला दांडी. मुलाला हाताचाच दाखवा. ‘अँडिका’ हा फॉन्ट नव्याने वाचायला शिकणाऱ्यांसाठीच केलेला आहे आणि फुकट आहे. ‘कॉमिक सॅन्स’ ला सगळे हसतात, पण त्यातले ‘ए’ आणि ‘जी’ हातासारखे आहेत, म्हणून जगभरच्या शिक्षिका तो सोडत नाहीत. मीही हसत नाही.

मी केलेली कार्डं विकली तर फॉन्टवाले पैसे मागतील का?

गूगल फॉन्ट्सवरचे वर सांगितलेले फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत. त्यांत छापलेली कार्डं, पुस्तकं, तक्ते खुशाल विका. नुसता फॉन्ट वेगळा काढून विकायचा नाही, एवढंच. कुठल्या तरी गटावर आलेला फॉन्ट मात्र कोणाचा आहे ते माहीत नसेल तर विक्रीच्या कामात वापरू नका.

माझ्या अंगणवाडीत संगणक नाही, प्रिंटर नाही. माझ्याजवळ मोबाइल आहे, पण एका पानाच्या छपाईला तालुक्याला जावं लागतं. तुमच्या फॉन्टचं मी काय करू? अंगणवाडी सेविका, नंदुरबार जिल्हा

काही करू नका. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं घ्या आणि सपाट टोकाचा जाड मार्कर घ्या. मोबाइलवर ‘लसूण’ मोठ्या आकारात उघडून समोर ठेवा, वळण नीट पाहून घ्या आणि वीतभर उंचीचं अक्षर हाताने काढा. उभा दंड वरून खाली एका दमात ओढा, शिरोरेघ सगळ्यात शेवटी, पट्टी न लावता. तुम्ही काढत असताना मुलं भोवती बसलेली असू द्या. अक्षर कुठून सुरू होतं आणि कुठे संपतं हे कोणत्याही छापील कार्डावर दिसत नाही, ते त्यांना तिथे बसून दिसतं. शाई वाळली की त्यातल्याच एखाद्या पोराला ते पान दोरीवर लावायला सांगा.