मेल आधी, फीमेल नंतर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. आयटीआयच्या फिटर ट्रेडच्या प्रॅक्टिकलला महिना उरलाय आणि तू थिअरीचे प्रश्नसंच घेऊन बसली आहेस, असं कळलं. थिअरी सांभाळली जाईल. तिथे ३३ टक्क्यांना पास आहे. ट्रेड प्रॅक्टिकलला मात्र ६० टक्के लागतात, आणि वर्षभराच्या अंतर्गत मूल्यमापनालाही ६०च. तेव्हा हा महिना व्हाइसपाशी, म्हणजे तुकडा पकडायच्या शिकंज्यापाशी, घालव.

तुकडा हातात आला की कानस उचलायच्या आधी मोज. ड्रॉइंगवर ५० मिमी असेल तर घासायला पुरेसा जादा माल आहे ना, कोपरा उडालेला नाही ना, ते बघ. नंतर दोन कडा तयार कर: एक सपाट, दुसरी तिच्याशी बरोबर ९० अंशांत. पुढची सगळी मापं या दोन कडांवरूनच निघणार. त्यामुळे इथे वेळ गेला तरी जाऊ दे. गुण्याचा, म्हणजे काटकोन तपासायच्या साधनाचा, जाड भाग पहिल्या कडेला घट्ट टेकव आणि पातं उजेडाकडे धरून बघ. एकाच टोकाला उजेड दिसला तर कोन चुकलाय. दोन्ही टोकांना दिसला तर मध्ये फुगवटा आहे, म्हणजे कानस झुलतेय. स्ट्रोक सुरू होताना कानशीच्या टोकावरच्या हाताचा दाब जास्त हवा, मध्यावर दोन्ही हातांचा सारखा, आणि शेवटी मुठीवरच्या हाताचा जास्त. व्हाइसचे जबडे तुझ्या कोपराच्या उंचीला आले पाहिजेत. ते उंच पडत असतील तर पायाखाली फळी घे. लाजू नकोस, उंच व्हाइसवर कुणाचीही कानस झुलते.

आता जोड, म्हणजे जीभ असलेला तुकडा (मेल) खाच असलेल्या तुकड्यात (फीमेल) बसवणं. बहुतेकांचे मार्क इथेच जातात, आणि तेही माप बरोबर असताना! समज, मेलची जीभ २० मिमीची, फीमेलची खाचही २० ची आणि दोन्हींना सूट ±०.०४. जीभ २०.०४ झाली, खाच १९.९६ झाली. कागदावर दोन्ही पास. पण जीभ खाचेपेक्षा ०.०८ ने मोठी, ती आत जाणारच नाही. म्हणून मेल आधी पूर्ण कर, माप १९.९८ च्या आसपास ठेव आणि पुन्हा त्याला कानस लावू नकोस. आता मेल हाच तुझा गेज, म्हणजे मापाचा नमुना. खाच त्याला बघून उघडायची. ती २०.०२ वर थांबली तर एकूण फट ०.०४ राहते, फट तपासायची ०.०५ ची पातळ फीलर पट्टी आत शिरत नाही.

मेलचे दोन्ही खांदे, म्हणजे जिभेच्या दोन बाजूंचा काढायचा माल, एकदम कापायचे नाहीत. ही चूक दरवर्षी दिसते. जीभ मधोमध आहे हे तपासायला समोरची अख्खी कड लागते आणि दोन्ही बाजू कापल्या की ती गेली. आधी एक खांदा काप. तुकड्याची प्रत्यक्ष रुंदी समज ४९.९६ भरली. तिचा अर्धा २४.९८, त्यात जिभेचा अर्धा, म्हणजे ९.९९, मिळव. समोरच्या कडेपासून जिभेच्या बाजूपर्यंत ३४.९७ यायला हवं. ते आलं की मगच दुसरा खांदा काप आणि जीभ १९.९८ वर आण. ड्रॉइंगवरचे ५० धरून हिशेब केलास तर तुकड्याची चूक जिभेत उतरते. मग जोड सरळ बसतो, उलटा करून बसत नाही. आणि परीक्षक तो उलटा करून बघतोच.

फीमेलमध्ये आतल्या कोपऱ्यांवर आधी ३ मिमीची भोकं पाड, नाहीतर कोपऱ्यात कानस पोहोचत नाही आणि मेल तिथेच अडतो. मधला माल ओळीने भोकं पाडून आणि हॅक्सॉने काढ. रेषेच्या अर्धा मिमी अलीकडे थांब, मग बास्टर्ड (जाड दातांची), शेवटी स्मूथ (बारीक दातांची) कानस. स्मूथच्या दातांत कीस अडकला की पृष्ठभागावर खोल ओरखडे उठतात. म्हणून कानशीला खडू फास आणि वायर ब्रशने मधूनमधून साफ कर. बसवताना मेलला प्रशियन ब्ल्यू या निळ्या रंगाचा अगदी पातळ हात दे, आत सरकवून बघ, निळा डाग पडेल तेवढीच जागा घास. हातोडीने ठोकून बसवलास तर कडा दबतात आणि खाचेचं तोंड फाकतं. मग दुरुस्ती नाही.

मोजण्याआधी कडेला उभी राहिलेली बारीक धार, म्हणजे बर्र, काढ. ती राहिली तर व्हर्नियर (जबड्यांत धरून माप घ्यायचं साधन) खोटं माप दाखवतो आणि तू चांगला माल उगाच घासून बसतेस. वाचन घाईत चुकतं ते असं: मुख्य पट्टीवर २४, व्हर्नियरची १८ वी रेघ जुळली, अल्पतम माप (एका रेघेची किंमत) ०.०२, म्हणून २४.३६. घाबरलेलं पोर २४.१८ लिहितं. जबडे मिटून शून्य आधीच तपास. ०.०४ पुढे दाखवत असेल तर प्रत्येक वाचनातून तेवढे वजा करायचे.

एम ८ चा आटा असेल तर भोक ६.८ चं. टॅप, म्हणजे आटा पाडायचं हत्यार, गुण्याला लावून सरळ आहे ना बघ, तेल घाल, थोडा पुढे फिरवला की पाव फेरा मागे. मागे न घेतल्याने कीस कोंडतो आणि टॅप तुटतो.

निकषांत मापाच्या अचूकतेसोबत फिनिश, सुरक्षितता आणि मालाची नासाडी हेही असतं. बेंचवर कानशी आणि व्हर्नियर एकावर एक टाकू नकोस. बघणाऱ्याला ते आधी दिसतं.

कागदांचं थोडक्यात. नाव आणि जन्मतारीख दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळते का, ते आताच तपास. राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्रावर चूक छापली गेली तर दुरुस्तीला फार हेलपाटे पडतात. अप्रेंटिसशिपला गेलीस तर करार सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवलाय का विचार. कंपनी चांगली असली तरी नोंद नसेल तर ते वर्ष अप्रेंटिसशिप म्हणून धरलं जात नाही. दोन वर्षं पूर्ण झाल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ताही आहे, पण तिथे गणित अंगावर येतं. ठरवण्याआधी ते उघडून बघ. आणि भरती कुठेही असो, प्रमाणपत्र बघून झालं की बरेच जण तुझ्या हातात व्हर्नियर आणि एखादा तुकडा देतात.

या रविवारी फक्त मेल कर. झाला की तीन मापं कळव: तुकड्याची रुंदी, पहिल्या खांद्यानंतरचं माप आणि जिभेची रुंदी. तिन्ही एकमेकांशी जुळली की फीमेलचं बोलू.

तुझे सर