थंडीचं सोड, अंधाराचं बघ

ताई म्हणून विचारलंस म्हणून अगंतुगंच करते. मी मूळची सांगलीची, फिनलंडमध्ये हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पोत हा माझा नववा हिवाळा. नोव्हेंबरात नाशिकहून इकडे येताय, तर जॅकेटं तिकडूनच घ्यायची का, चार वर्षांची लेक मायनस वीसमध्ये कशी निभावेल, आणि सवय व्हायला किती दिवस लागतात, हे तुझे प्रश्न.

जॅकेटं घेऊ नका. आम्ही पुण्यातून चार जाडजूड आणली होती, वीस किलोंतला निम्मा भार त्यांचाच. ऊब होती, पण वारा आरपार जायचा आणि पाऊस आत मुरायचा. हेलसिंकी, एस्पो हा सगळा भाग समुद्राकाठचा. इथे मायनस वीस म्हणजे हिवाळ्यातले मोजके दिवस. बाकी पारा कितीतरी वेळा शून्याच्या आगेमागे असतो, आणि ती ओली थंडी कोरड्या मायनस दहापेक्षा जास्त बोचते. अंगालगत सुती बनियन नको, घाम धरून ठेवतं आणि मग तेच गार पडतं. आत मेरिनो लोकरीचं, मध्ये फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं. बूट एक नंबर मोठे घ्या, जाड मोजा घालून बोटं हलली पाहिजेत. विमानतळावरून घरी पोहोचण्यापुरतं असेल ते स्वेटर-टोपी पुरे.

लेकीची काळजी तर सगळ्यात कमी कर. इथल्या पाळणाघरात मुलांना रोज बाहेर खेळायला नेतात, पावसात आणि बर्फातसुद्धा. अंगभर एकसंध जाड सूट, चिखलासाठी रबरी पँट, पाच बोटांच्या हातमोज्यांऐवजी पिशवीसारखे मोजे, आणि कपडे वाळवायला तिथे गरम हवेचं कपाट. मुलं सहा महिन्यांत वाढतात, म्हणून हे सगळं 'किर्प्पुतोरी'तून, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानातून घे. लाजायचं कारण नाही, इथले लोकही तिथेच घेतात. घरात एकवीस अंश, खिडक्यांना तिहेरी काचा. माझ्या माहेरी जानेवारीत पहाटे जितकं कुडकुडायला व्हायचं, तितकं इथे घरात कधीच झालं नाही. हवा मात्र इतकी कोरडी की ओठ फुटतात आणि दाराची मूठ धरली की झटका बसतो. खोबरेल तेल एकवीस अंशांत गोठलेलंच, तेव्हा बाटली नको, रुंद तोंडाची बरणी ठेव.

आता खरं दुखणं. तू विचारलं नाहीस, मीही कुणाला विचारलं नव्हतं. २१ डिसेंबरच्या सुमारास हेलसिंकीत सूर्य सकाळी साडेनऊला उगवतो आणि सव्वातीनला मावळतो. भर दुपारीही क्षितिजाच्या वर सहा-साडेसहा अंशच चढतो, तोही ढग नसतील तर. तरी डिसेंबर परवडला, कारण बर्फ पडला की रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड परततो. नोव्हेंबरात पानं गळलेली, बर्फ नाही, सगळीकडे ओलं काळं डांबर. फिनिशमध्ये या महिन्याला 'मर्रासकू' म्हणतात, आणि त्यातल्या 'मर्रास'चा संबंध मरणाशी आहे. तुम्ही नेमके त्याच महिन्यात उतरताय.

गंमत म्हणजे पहिला हिवाळा आम्ही बर्फाचे फोटो काढण्यात घालवला. दुसऱ्याने झोपवलं. संध्याकाळी सातला डोळे मिटायचे, पहाटे तीनला टक्क जाग. आईला फोनवर उगाच तोडून बोलायचे. मला वाटलं थायरॉइड. मग ऑफिसातल्या एका बाईने साधं विचारलं, "दिवा घेतलास का?" दहा हजार लक्सचा, म्हणजे दिवसाउजेडासारखा प्रखर, तो दिवा आता सकाळी अर्धा तास चहाच्या कपाशेजारी असतो. जादू नाही, पण फरक पडतो. त्याहून जास्त फरक दुपारी बाराला जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं बाहेर चालल्याने पडला. ऑक्टोबर ते मार्च इथल्या उन्हातून ड जीवनसत्त्व जवळपास मिळतच नाही, आणि आपल्या सावळ्या कातडीला तर एरवीही जास्त ऊन लागतं. दुधात ते घातलेलं असतं, पण लेकीला किती थेंब द्यायचे ते 'नेउवोला'तल्या, म्हणजे लहान मुलांच्या दवाखान्यातल्या, नर्सला विचार.

अंधारात चालताना कोटाला चमकणारा रिफ्लेक्टर लावायचा, तसा कायदाच आहे. आणि बर्फावर पाऊस पडला की बुटांना खिळे. मी एकदा 'दोन मिनिटांचं तर अंतर' म्हणून लावले नाहीत आणि सहा आठवडे डाव्या हाताने पोळ्या लाटल्या.

सवयीचं म्हणशील तर मला तीन वर्षं लागली. जूनमध्ये उलटंच, रात्री पावणेअकरापर्यंत सूर्य, आणि लेक 'अजून दिवस आहे' म्हणत झोपणार नाही. जाड काळे पडदे घे. पुढच्या वर्षीपासून भारतवारी डिसेंबरऐवजी नोव्हेंबरात ठेव, लेक शाळेत जाईपर्यंत जमेल. सहसा दिवाळीच्या आसपासच येतं ते.

जॅकेटांच्या जागी बॅगेत आकाशकंदील टाक, घडीचा मिळतो तो. इथे डिसेंबरात प्रत्येक खिडकीत विजेच्या मेणबत्त्या लावतात, त्यामुळे कुणी वळून बघत नाही. आमचा मार्चमध्ये उतरतो.