वाचकांचे प्रश्न : पॅकेट हरवतं कुठे?

प्रश्न : गाडीकडून गाडीकडे निरोप पोचवायचा प्रकल्प करतोय. द्वारका चौकाच्या नकाशावर सिम्युलेशन (संगणकावरची नक्कल) चालवलं की पॅकेट (निरोपाचे छोटे तुकडे) हरवतात. का?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : इथे पत्ता म्हणजे ज्या गाडीला निरोप द्यायचा तिची जागा. आधी तो किती शिळा आहे ते बघा. ताशी 60 किमी म्हणजे सेकंदाला 16.7 मीटर, लोकेशन सर्व्हिसने (कुठली गाडी कुठे आहे ते सांगणारी सेवा) 10 सेकंदांपूर्वीची जागा दिली, तर गाडी 167 मीटर पुढे गेलेली असते. नोंदीत वेग, दिशा, वेळही ठेवा आणि आत्ताची जागा त्यावरून काढा. शेजाऱ्यांची, म्हणजे थेट निरोप पोचेल इतक्या जवळच्या गाड्यांची, यादीही ताजी हवी. नाहीतर निघून गेलेल्या गाडीलाच पॅकेट धाडलं जातं. युरोपीय मानकात गाडी 4 मीटर सरकली की तिची जागा सांगणारा नवा संदेश जातो, सेकंदाला जास्तीत जास्त 10. द्वारकेला आणखी एक गोम : उड्डाणपुलावरची आणि खालची गाडी, अक्षांश-रेखांश एकच! उंची जोडाच.