साल्मोनेलावर काम सुरू करण्याआधी

प्रिय...,

अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. उंदरांना साल्मोनेला टायफिम्युरियम हा जुलाब घडवणारा जंतू द्यायचा, लेंड्या गोळा करायच्या, १६-एस सिक्वेन्सिंग (एका ठरावीक जनुकावरून जंतूंची ओळख) करायचं आणि आतड्यातले कोणते जंतू वाढले, कोणते घटले याची यादी काढायची, असा तुझा बेत आहे. ती यादी मिळेल, पण त्यातून कारण हाती लागणार नाही. हा जंतू त्या गर्दीत शिरून काय खातो आणि कशावर श्वसन करतो, हा प्रश्न आधी धर. सिक्वेन्सिंग त्यानंतर कर.

निरोगी आतड्यात बाहेरच्या जंतूला जागा मिळणं फार अवघड असतं. १९५४ मध्ये मार्जोरी बॉनहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं की एरवी सुमारे लाखभर साल्मोनेला दिल्यावर जो संसर्ग होतो, तो स्ट्रेप्टोमायसिन या अँटिबायोटिकचा एक डोस आधी दिला तर दहापेक्षाही कमी जंतूंनी होतो. म्हणजे एवढं मोठं संरक्षण रहिवासी जंतू देत होते. ते कसं देतात, याची उत्तरं एकाहून जास्त आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. क्लॉस्ट्रिडिया गटातले जंतू तंतुमय अन्नापासून ब्युटिरेट हे छोटं आम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी हे ब्युटिरेट जाळतात, त्यात त्यांचा ऑक्सिजन खर्च होतो आणि पोकळीत तो जवळपास पोहोचतच नाही. अँटिबायोटिकने क्लॉस्ट्रिडिया घटले की ब्युटिरेट संपतं, पेशी ग्लुकोजकडे वळतात, न वापरलेला ऑक्सिजन पोकळीत झिरपतो आणि साल्मोनेला तो श्वसनाला वापरतो. शिवाय म्यूकसमधून (अस्तरावरच्या चिकट थरातून) सुटलेली फ्यूकोज आणि सायॅलिक आम्ल ही साखर एरवी दुसरे जंतू संपवतात. ते नसले की तीही साल्मोनेलाच्या वाट्याला येते.

टेट्राथायोनेट या गंधकाच्या संयुगाचं प्रकरण मात्र सावकाश वाच, कारण तुझ्या सगळ्या प्रयोगांचा कणा तेच असेल. आतड्यातले जंतू हायड्रोजन सल्फाइड सोडतात. अस्तराच्या पेशींना तो विषारी, म्हणून त्या त्याचं थायोसल्फेट करून टाकतात. साल्मोनेला आपल्या टाइप-३ स्रावयंत्रणांनी (पेशीत प्रथिनं टोचणाऱ्या सुयांसारख्या रचनांनी) अस्तराला डिवचतो, दाह पेटतो, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि त्यांनी सोडलेल्या ऑक्सिजनच्या तीव्र रेणूंनी थायोसल्फेटचं टेट्राथायोनेट होतं. आतड्यातल्या बहुतेक रहिवाशांना त्याचा उपयोग नाही. साल्मोनेला मात्र त्यावर श्वसन करतो, आणि आंबवण्यावरच भागवणाऱ्या शेजाऱ्यांच्या पुढे निघून जातो. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या आंद्रेआस बॉयम्लर यांच्या गटाने २०१० मध्ये हे मांडलं. अन्नतपासणीच्या कुठल्याही प्रयोगशाळेत गेलीस किंवा गेलास तर याच गोष्टीचं बाटलीतलं रूप दिसेल: १९२३ पासून वापरात असलेला टेट्राथायोनेट ब्रॉथ, म्हणजे जंतू वाढवायचं द्रव माध्यम. त्यात थायोसल्फेटवर आयोडीन घालून टेट्राथायोनेट करतात, म्हणजे आयोडीन तेच काम करतं जे आतड्यात न्यूट्रोफिल करतात. आयोडीन घातल्यावर तो ब्रॉथ साठवून ठेवू नये आणि तापवूही नये. सुरुवातीला एकदा हा ब्रॉथ स्वतः करून त्यात साल्मोनेला आणि ई. कोलाय शेजारी शेजारी वाढवून बघ. मग लेख वाचशील तेव्हा आकृत्या समजावून घ्याव्या लागणार नाहीत.

आता उंदरांचं. झुरिकच्या वोल्फ-डिट्रिश हार्ट यांच्या गटाने २००३ मध्ये बसवलेली पद्धत घे. सी५७बीएल/६ या प्रयोगशाळेतल्या जातीच्या उंदराला चार तास अन्नपाण्याविना ठेवून २० मिलिग्रॅम स्ट्रेप्टोमायसिन नळीने पोटात द्यायचं, २४ तासांनी सुमारे १० कोटी जिवंत साल्मोनेला द्यायचे आणि ४८ तासांपर्यंत तपासायचं. साल्मोनेलाची एसएल१३४४ ही जात मुळातच स्ट्रेप्टोमायसिनला दाद देत नाही, म्हणून ती चालते. १४०२८ ही जात तशी नाही. तीच वापरायची असेल तर प्रतिकारक प्रकार मिळव, नाहीतर आतड्यात उरलेलं औषध तुझाच जंतू मारेल आणि तू त्याचं श्रेय रहिवाशांना देशील. एसएल१३४४ ला हिस्टिडीन हे अमिनो आम्ल स्वतः तयार करता येत नाही. कमीत कमी घटकांच्या माध्यमात हिस्टिडीन न घालता तो वाढला नाही, म्हणून चांगला कल्चर फेकून देणारे कमी नाहीत.

जंतू रात्रभर वाढवलेल्या कल्चरमधून १:२० पातळ करून ०.३ मोलर मीठ असलेल्या एलबी या पोषक माध्यमात चार तास वाढव, म्हणजे आक्रमणाची पहिली टाइप-३ स्रावयंत्रणा चालू झालेली असते. थंड पीबीएसने (क्षारांच्या बफर द्रावणाने) धुऊन घे. दिलेला डोस प्रत्येक वेळी प्लेटवर मोजून लिही. गढूळपणावरून काढलेला आकडा डोस म्हणून नोंदवू नकोस.

जंतू देण्याच्या आदल्या दिवशी, स्ट्रेप्टोमायसिन देण्यापूर्वी, प्रत्येक उंदराची एक लेंडी मॅकॉन्की प्लेटवर (ई. कोलायच्या कुळातले जंतू निवडून वाढवणाऱ्या माध्यमावर) घाल. गुलाबी कॉलनी दिसल्या तर त्याच्या आतड्यात ई. कोलायसारखे नातेवाईक आधीच आहेत. ते ऑक्सिजन आणि लोह यांसाठी साल्मोनेलाशी थेट झगडतात, आणि एका पुरवठादाराच्या उंदरांत ते असतात तर दुसऱ्याच्या उंदरांत नसतात. हे न तपासता दोन पुरवठादारांचे उंदीर एकत्र केले तर निकाल वाचताच येणार नाही. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, म्हणून एका पिंजऱ्यातले पाच उंदीर हे पाच स्वतंत्र नमुने धरू नकोस. प्रत्येक गट किमान तीन पिंजऱ्यांत विभाग, आणि नियंत्रणगट व प्रयोगगट एकाच मातेच्या पिल्लांतून घे.

मोजणी अशी. लेंडी वजन केलेल्या नळीत घे, समज ती ०.०२ ग्रॅम भरली. १ मिलिलीटर पीबीएसमध्ये फोडून दहा-दहापट पातळ करत जा. १०,००० पट पातळ केलेल्यातल्या १०० मायक्रोलीटरमध्ये ४५ कॉलनी आल्या, तर मिलिलीटरमागे ४५ लाख आणि ग्रॅममागे साडेबावीस कोटी. ३० ते ३०० कॉलनी असलेलीच प्लेट मोज. नमुना बर्फावर ठेव आणि तासाभरात प्लेट कर. सिक्वेन्सिंगचा भाग वेगळ्या नळीत उणे ८० अंशावर.

एवढं सगळं मोजण्याचं कारण सिक्वेन्सिंगमध्ये सापडेल. ग्रॅममागे एकूण १०,००० कोटी जंतू आणि त्यांत एंटरोबॅक्टेरिएसी (साल्मोनेला, ई. कोलाय यांचं कुळ) १० कोटी असतील, तर त्यांचा वाटा ०.१ टक्का. स्ट्रेप्टोमायसिनने एकूण संख्या १०० कोटींवर आली आणि हे १० कोटी तेवढेच राहिले, तर वाटा १० टक्के दिसतो. एकही नवी पेशी जन्मली नाही आणि आलेखात शंभरपट वाढ झाली. असे आलेख छापूनही येतात. क्यूपीसीआरने (डीएनएच्या प्रती मोजून) किंवा प्लेटने एकूण संख्या घेतल्याशिवाय 'वाढला' हा शब्द वापरू नकोस. डीएनए काढताना मण्यांनी घुसळणं चुकवू नकोस, नाहीतर जाड भिंतीचे क्लॉस्ट्रिडिया फुटतच नाहीत आणि त्यांची अनुपस्थिती संसर्गाच्या नावावर जाते. प्रत्येक खेपेला रिकामी नळीही त्याच किटमधून ने.

टेट्राथायोनेटची गोष्ट सिद्ध करण्यासाठी स्पर्धा लाव. मूळ जंतू आणि टीटीआर-ए हे टेट्राथायोनेटवर श्वसन करायचं जनुक नसलेला जंतू प्रत्येकी ५ कोटी एकत्र देऊन, बाहेर आलेलं गुणोत्तर दिलेल्या गुणोत्तराने भाग. दोघांना वेगळं ओळखायच्या, अँटिबायोटिक-प्रतिकाराच्या खुणा गुणसूत्रावर हव्यात. प्लाझमिडवर (सुट्या डीएनए-वर्तुळावर) ठेवल्या तर दाह झालेल्या आतड्यात त्या शेजारच्या ई. कोलायकडे जाऊ शकतात. आणि हीच स्पर्धा, दोन्ही टाइप-३ स्रावयंत्रणा मोडलेल्या, म्हणून दाह पेटवू न शकणाऱ्या जंतूंच्या जोडीतही लाव. तिथे फरक पडला नाही, तरच फायदा दाहामुळे होता असं म्हणता येईल. दाह झाला का, हे लेंडीतलं लिपोकॅलिन-२ हे दाहात वाढणारं प्रथिन एलायझा चाचणीने मोजून ठरव. पोट उघडल्यावर डोळ्यांनाही दिसतं: फक्त स्ट्रेप्टोमायसिन दिलेल्या उंदराचं सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी) मोठं आणि भरलेलं, संसर्ग झालेल्याचं आकसलेलं, फिकट आणि बहुतेक रिकामं. त्यामुळे स्ट्रेप्टोमायसिन दिलेला पण संसर्ग न केलेला गट प्रत्येक वेळी हवाच.

काचपात्रातल्या कामात सगळ्यात जास्त घोळ पीएचचा होतो. प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही आतड्यातल्या जंतूंची आम्लं साल्मोनेलाला रोखतात ते मुख्यतः आयन न झालेल्या आम्लाच्या रूपात, कारण तेच पेशीत शिरतं. ब्युटिरिक आम्लाचं असं रूप पीएच ७ ला एक टक्क्याहून कमी, ६ ला सुमारे ६ टक्के आणि ५.५ ला सुमारे १७ टक्के असतं. पीएच ७ च्या एलबीत सोडियम ब्युटिरेट घालून 'परिणाम नाही' लिहिणं म्हणजे प्रयोगच न करणं. नियंत्रणात तेवढ्याच मोलरचं सोडियम क्लोराइड घाल. शिवाय ब्युटिरेट आणि प्रोपिओनेट आक्रमणाची जनुकं दाबतात, तर ॲसिटेट ती वाढवू शकतं. तेव्हा तिन्ही आम्लं 'शॉर्ट चेन' (छोट्या साखळीची) म्हणून एका गठ्ठ्यात बांधू नकोस.

विनाऑक्सिजन पेटीत माध्यमं आदल्या दिवशीच ठेव. त्यांतलं रेझाझ्युरिन हे ऑक्सिजन दाखवणारं रंगद्रव्य गुलाबी दिसलं तर ऑक्सिजन उरलेला आहे, तशा बाटलीत काही टोचू नकोस.

आपल्याकडे टायफॉइड जास्त, म्हणून तू निष्कर्ष तिकडे नेशील अशी मला काळजी वाटते. टायफॉइडचा जंतू साल्मोनेला टायफी फक्त माणसात रोग करतो, आतड्यात एवढा दाह न पेटवता रक्तात जातो, आणि त्याची टेट्राथायोनेट यंत्रणा जनुकीय बिघाडाने निकामी आहे. टायफॉइडला अँटिबायोटिक लागतंच. उलट साध्या साल्मोनेला-जुलाबात, रुग्ण एरवी धडधाकट असेल तर, ते सहसा देत नाहीत. त्याने आजार फारसा लवकर बरा होत नाही आणि जंतू शौचातून जास्त दिवस बाहेर पडत राहू शकतात. तान्ही मुलं, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती खालावलेले यांचा विचार वेगळा होतो.

ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जंतूंच्या जातींसाठी पुण्यातल्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्राची यादी आधी बघ. प्राणी नीतिमत्ता समितीचा फॉर्म बी (प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज) भरताना वजन २० टक्के घटलं की उंदीर प्रयोगातून काढायचा, ही अट स्वतःहून लिही, आणि वजन रोज एकाच वेळी घे. मसुदा समितीकडे पाठवण्याआधी, कोणत्या पिंजऱ्यात कोणता गट असेल त्याचा तक्ता मला दाखव.

कळावे.